टिटवीचा निवाडा

एका राज्यात सात देशांच्या स्त्रियांची शर्यत भरत असे. मैदानाचा अधिकारी धूम्राक्ष नावाचा मांत्रिक. भर दुपारी तो प्रत्येकीची सावली मोजी. जिची सावली त्याने आखलेल्या रेघेबाहेर जाई, तिला जडीचा काढा प्यावा लागे. पिणारी हळूहळू मंदावे आणि शेवटी मैदानाच्या कडेला दगड होऊन राही. असे पुष्कळ दगड तेथे होते.

त्या वर्षी डोंगरातली सगुणा पहिली आली. तिची सावली रेघेबाहेर गेली.

"काढा घे, नाहीतर घरी जा," मांत्रिक म्हणाला.

"मला आजार कोणता?"

"आजार नाही. सावली लांब आहे."

"मग मला न्याय हवा."

न्याय तीन पोपट देत. ते मांत्रिकाच्या हातचे डाळिंब खात. पहिला म्हणाला, काढा घे. दुसरा म्हणाला, काढा घे. तिसरा तर सगुणेने तोंड उघडण्याआधीच तेच म्हणाला.

"हे तुमच्या हातचं खातात. हे कसले पंच?" सगुणा म्हणाली.

शर्यतीला आलेले सातही देशांचे राजे ऐकत होते. मांत्रिक हसून म्हणाला, "माझ्या हातचं न खाणारा पक्षी आण. त्याचा निवाडा मला मान्य."

सगुणा गरुडाकडे गेली. तो म्हणाला, "मांस तिथूनच येतं, बाई." हंस म्हणाला, "मोती तिथूनच येतात." टिटवी माळावर अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "मी किडे खाते. चल."

मैदानावर टिटवीने सगुणेचे आणि मांत्रिकाचे ऐकले. मग तिने हरलेल्या वेलांगीला बोलावले. "तुझं काय म्हणणं?"

समुद्राकाठची वेलांगी म्हणाली, "हरले याचं वाईट वाटलं. पण माझी ढांग हिच्यापेक्षा हातभर लांब पडते. माझी ढांग कुणी मोजली नाही."

टिटवी मांत्रिकाकडे वळली. "रेघ आखताना धावणाऱ्यांपैकी कुणाला विचारलंस?"

"नाही."

"निरोगी बाईला काढा पाजायचा नाही. रेघ पुस."

शब्द सात राजांसमोर दिलेला होता. मांत्रिकाने रेघ पुसली. दगड तडकले आणि आतून बायका बाहेर आल्या. कुणी पाय झाडले, कुणी पाणी मागितले. तेव्हापासून एक पंच तक्रार करणारीचा, एक मैदानाचा आणि एक दोघांच्या पसंतीचा असे ठरले.

पुढच्या शर्यतीत वेलांगी पहिली आली, सगुणा चौथी.

"काय गं, तक्रार करणार का?" वेलांगीने डिवचले.

"कशाची?" सगुणा धापा टाकत म्हणाली. "तू पुढे होतीस. मला दिसत होतीस की!"