विश्रामने ऐकलेला ऑपेरा

"रडलास, की नुसतं डोळ्यांत पाणी आलं?"

विश्राम तळवडेकरने मान वर केली. समोर शेवंताबाई मांद्रेकर सुपारी कातरत होत्या. वय एक्क्याऐंशी. सावंतवाडीच्या या घरात, या पडवीत, तो अठरा वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकला होता. आज सकाळी तो गाणं सोडतो म्हणून सांगायला आला होता.

"रडलो," तो म्हणाला. "शेजारच्या बाईंनी रुमाल दिला."

"कुठे?"

"फ्रान्समध्ये, लियॉनला. माझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. यजमान ऑपेरा दाखवायला घेऊन गेले."

"म्हणजे काय असतं?"

"आपल्या संगीत नाटकासारखं. पण नुसतं बोलणं जवळजवळ नाहीच. भांडतात तेही गाऊन, दार उघड म्हणतात तेही गाऊन. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. मी हसायच्या तयारीनेच गेलो होतो, बाई."

बाई कातरत राहिल्या.

"रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक. वर पन्नास माणसं एकदम गायला लागली, आणि सूर सगळ्यांचे वेगवेगळे. मला वाटलं, चुकताहेत. पण तो आवाज असा छातीवर आदळला की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मायक्रोफोन एकही नव्हता."

"मग?"

"मग मी चुका काढायला लागलो. नायिका एकही सूर स्थिर ठेवत नव्हती. सारखा हलवायची. मी असा आवाज लावला असता तर तुम्ही मला उठवलं असतं."

"उठवलं असतं," बाई म्हणाल्या.

"शेवटच्या अंकात तिचा माणूस मरतो. ती खाटेपाशी बसते. सगळी वाद्यं थांबतात... आणि ती गाते. मोठ्याने नाही. आमच्याकडे तर तिची पाठ होती. मी तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो, एक शब्द कळत नव्हता, आणि..."



बाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी तू गायलास?"

"बसलो. यमन सुरू केला. सूर चोख लागत होता. लोक शांत. मान कोणी हलवेना, हात कोणी उचलेना. तिकडे मध्येच दाद देत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी माझी नजर पहिल्या रांगेत कोणालातरी शोधत राहिली... पंधराव्या मिनिटाला मी थांबलो. उठून आत गेलो. प्रकृती बरी नाही, असं आयोजकांनी लोकांना सांगितलं. प्रकृतीला काही झालं नव्हतं."

बाईंनी कातरलेली सुपारी डब्यात भरली.

"ते जर गाणं असेल, तर मी अठरा वर्षं काय केलं?"

बाईंनी विचारलं, "ती कोणाला गात होती?"

"मेलेल्या माणसाला."

"त्याने दाद दिली?"

"तो कसा देणार..."

"आणि तू कोणाला गातोस?"

विश्रामला विचार करावा लागला नाही.

"तुम्हाला. दिल्लीत गायलो काय, लियॉनला गायलो काय, समोर तुम्ही बसला आहात असंच धरतो. तुमची मान हलली असती का, एवढंच बघतो."

हे सांगताना आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा उजळला. शिष्याने गुरूला याहून मोठं काय सांगावं, असं त्याला वाटत असावं.

शेवंताबाईंचा चेहरा मात्र उतरला. घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अठरा वर्षं?"

"हो, बाई."

"आणि माझ्या लक्षात आलं नाही..."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. विश्राम आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. कोपऱ्यातला तंबोरा ओढत आणून त्याच्यापुढे ठेवला.

मग आत गेल्या. माजघराचं दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

हे दार दिवसाउजेडी बंद झालेलं विश्रामने कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, माझं काही चुकलं का?"

त्याने दारावर टकटक केली.

"बाई?"

कडी निघाली नाही. तो परत येऊन बसला.

त्याने तंबोरा उचलला. तारा छेडल्या. षड्ज लावला... आणि सवयीने समोर पाहिलं. समोर रिकामी सतरंजी. आवाज तिथेच थांबला.

तो दाराकडे वळला.

"बाई... ऐकताय ना?"



मग दारामागून आवाज आला.

"मी घरात नाही."