गेनूच्या टॉवेलाला चार गाठी

पापडाचं एक गाव होतं, आणि त्या गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की बसमध्ये कंडक्टर म्हणाला "पुढं सरका", की हा सरकत सरकत पुढच्या दारानं खाली उतरायचा. वय चाळीस. लग्न एकदा ठरलं होतं. मुलीकडचे म्हणाले, "हे घर आपलंच समजा," तर यानं त्यांच्या कपाटाला आपलं कुलूप लावलं. मग मोडलं.

तो थोरल्या बहिणीकडं राहायचा. तिचं नाव कौसल्या, पण सगळं गाव तिला कौसाक्का म्हणायचं. चौथी शिकलेली, आणि तिच्यापुढं ग्रामसेवकसुद्धा उभ्यानं बोलायचा. गावातल्या बायकांचं पापड केंद्र ती चालवायची. केंद्राच्या किल्ल्या तिच्या कमरेला.

केंद्राचं काम असं होतं. सकाळी उडदाचं पीठ भिजवून, कांडून त्याचे गोळे करायचे आणि बारा बायकांना वाटायचे. बायका आपापल्या घरी नेऊन रिकाम्या वेळात लाटायच्या, वाळवायच्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भरून परत आणायच्या. तोलून द्यायचं, तोलून घ्यायचं. वाळल्यावर किलोला किती घट येते ते गेनूला तोंडपाठ होतं, कारण वाटायचं आणि तोलायचं काम त्याच्याकडंच होतं. सात वर्षांत त्या कामात त्याची एक चूक नव्हती. बाकी सगळ्या कामांत होती.

त्या वर्षी उडदावर केवडा पडला. पानं पिवळी, शेंगा पोचट. कौसाक्काची मुलगी शेतकी कॉलेजात होती, तिनं आईला सांगितलं, की विद्यापीठातले लोक केवड्याला दाद न देणारं बियाणं शोधतायत. त्याला आकडेमोड एवढी लागते की त्यांची मशीनं पुरत नाहीत. म्हणून ते लोकांना म्हणतात, तुमच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ आम्हाला द्या. मशीनचं श्रमदानच ते.

कौसाक्काला हे पटलं. तिनं बैठक बोलावली आणि केंद्राच्या शिलकीतनं कॉम्प्युटर घ्यायचं मांडलं. पण त्या शिलकीतनं बायकांना पीठ कांडायचं यंत्र हवं होतं.

"दंड आमचे दुखतात आणि पैसे आकडेमोडीला?" गिर्जाबाई म्हणाली. गिर्जाबाईचा कौसाक्काच्या किल्ल्यांवर तीन वर्षं डोळा होता.

"उडीदच उरला नाही तर कांडशील काय, कपाळ?" कौसाक्का म्हणाली.

"आणि ते मशीन चाललंच नाही तर?"

कौसाक्कानं कमरेच्या किल्ल्या वाजवून दाखवल्या. "रविवारच्या बैठकीला मशीन चालू दिसलं नाही, तर ह्या तुझ्या कमरेला."

तो सोमवार होता.

रात्रीच्या जेवणाला तिनं गेनूला सगळं समजावलं. केंद्र सोडून तिला हलता येत नव्हतं, म्हणून आणायला तोच जाणार होता.

"प्रोसेसर म्हणजे काय गं अक्का?"

"मशीनमधली लाटणारी. त्यात कोअर असतात. सहा कोअर म्हणजे सहा बायका एकदम लाटायला बसल्या असं समज. आपल्याला एकटी चपळ बाई नको. सावकाश का होईना, दिवसरात्र बसतील अशा सहा पाहिजेत. आणि त्याला बसायला बोर्ड लागतो. तो जुळणारा पाहिजे."

"आणि काम कुठनं येतं?"

"विद्यापीठातनं. आपण पीठ वाटतो ना? तस्सं. मोठं काम एकटीला झेपत नाही, म्हणून तुकडे करून घरोघर द्यायचं. ज्यानं त्यानं रिकाम्या वेळात आपला तुकडा करायचा आणि परत द्यायचा. सगळे तुकडे परत आले की काम झालं."

हे गेनूला लगेच समजलं. जन्मात पहिल्यांदा त्याला काहीतरी लगेच समजलं, म्हणून कौसाक्कालाही बरं वाटलं. तिथंच ती चुकली.

"उद्या तालुक्याला मुजावरभाईंच्या दुकानात जा," ती म्हणाली. "वीज कमी खाईल असा प्रोसेसर आण. कमी खाणारा. ध्यानात राहील?"

"राहील अक्का." गेनूनं टॉवेलाला एक गाठ मारली.

मंगळवारी तो दुकानात गेला. मुजावरभाई शांत माणूस होते. निदान मंगळवारपर्यंत होते. त्यांनी दोन खोकी काढून समोर ठेवली.

"हा नवा. पळतो फार. पण ह्याला बोर्डही नवा लागतो, मेमरीही नवी, सगळं महाग. हा मागच्या पिढीतला. सहा कोअर. बोर्ड स्वस्तात मिळतो, आणि उद्या आठ कोअरचा घ्यावासा वाटला तर त्याच बोर्डावर बसतो. तुमच्या कामाला हाच बरा."

"खातो किती?"

"पासष्ट वॅट."

"आणि तो?"

"एकशेवीस."

"ह्याहून कमी खाणारा?"

"कामाचा नाही."

गेनूनं दुकानभर नजर फिरवली. टेबलावर पावत्यांच्या चळतीवर एक जुना प्रोसेसर ठेवलेला होता, कागद उडू नयेत म्हणून. "तो किती खातो?"

"तो काही खात नाही. तीन वर्षं झाली त्याला मरून."

"म्हणजे अजिबात नाही?"

"मेलेला काय खाणार, भाऊ?"

"मग तोच द्या."

मुजावरभाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन गेनूनं तो अक्काच्या हातावर ठेवला. "वीज शून्य. आणि फुकट."

"फुकट का दिला?"

"मेलाय म्हणून."

कौसाक्कानं तो कोनाड्यात ठेवून दिला. मग म्हणाली, "गेन्या, वस्तू घेताना जिवंत आहे का बघावं. चालू असलेलं मशीन अंगाला हात लावला की गरम लागतं. गार लागलं तर घ्यायचं नाही. उद्या परत जा."

"बरं अक्का." दुसरी गाठ.

बुधवारी बसमध्ये कंडक्टरनं सुट्टे पैसे दिले, तेव्हा त्याचा हात गार लागला. गेनूला त्याची उतरेपर्यंत काळजी वाटत राहिली.

दुकानात त्यानं एकेक खोकं उघडायला लावलं आणि प्रत्येकाला हात लावला. "हा मेलाय. हाही मेलाय. भाई, तुमच्या दुकानात फारच मरतात."

"अहो, वीज लावल्याशिवाय गरम कसे होतील ते?"

कोपऱ्यात एक मशीन चालू होतं. गेनूनं हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. त्याचा चेहरा फुलला. "हे द्या."

"ते बिघडलंय. इतकं तापतं की तापून बंद पडतं. गिऱ्हाईक भंगारात द्या म्हणून टाकून गेलंय."

"पण आत्ता जिवंत आहे ना?"

"आहे म्हणायचं."

"मग हेच."

मुजावरभाईंनी ह्याही वेळी पैसे घेतले नाहीत. त्यांनी दार उघडून धरलं.

परतीच्या बसमध्ये ते मशीन हळूहळू गार पडायला लागलं. गेनू घाबरला. त्यानं ते मांडीवर घेतलं, अंगावरच्या घोंगडीत गुंडाळलं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेकरू आजारी आहे का?" गेनू म्हणाला, "हो, गार पडत चाललंय." म्हातारीनं अंगाऱ्याचं बोट लावलं.

कौसाक्का केंद्रातनं घरी आली, तर चुलीशेजारी घोंगडीत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं, आणि त्याच्यापुढं हळदीच्या दुधाचा पेला.

"पितंय का बघतोय," गेनू म्हणाला.

कौसाक्कानं ते दूध स्वतः पिऊन टाकलं, कारण ओरडायला ताकद लागते. मग ती ओरडली. "मशीन तापलं की संपतं, गेन्या! गार ठेवावं लागतं. मोकळी हवा द्यावी लागते, पंखा लावावा लागतो. उद्या तालुक्याहून जे आणशील ते गार ठेव. समजलं?"

"जे आणीन ते गार," गेनू म्हणाला. तिसरी गाठ.

ह्या खेपेला कौसाक्कानं त्याच्या बोलण्यावर काही ठेवलं नाही. तिनं मुलीला फोनवर विचारून स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. 'मागच्या पिढीतला, सहा कोअरचा. त्याचा बोर्ड. बाकी लागेल ते. आणि तुम्ही स्वतः येऊन बसवून द्या. माझ्या भावाकडं पाहू नका.'

गुरुवारी मुजावरभाईंनी सगळं सामान खोक्यात भरलं आणि टेम्पोनं निघाले. पौषातली थंडी होती. भाई ड्रायव्हरशेजारी बसायला गेले, तर गेनूनं त्यांना हाताला धरून मागं उघड्यावर नेलं.

"इथं हवा मोकळी आहे," तो म्हणाला.

भाईंनी मफलर काढून कानाला गुंडाळला. गेनूनं तो सोडला आणि घडी करून आपल्याजवळ ठेवला.

"अहो, काय करताय?"

"तापायचं नाही, भाई. तापलं की संपतं."

गाव येईपर्यंत भाईंचे ओठ निळे झाले होते. केंद्रात पोचल्यावर गेनूनं त्यांना पंख्याखाली बसवलं आणि पंखा पाचवर केला. कौसाक्कानं चहा आणला. गेनूनं तो मध्येच घेतला, माठातलं पाणी घालून गार केला आणि मग दिला.

"बाई," मुजावरभाई थरथरत म्हणाले, "मशीन बसवतो. पण ह्यांना आधी इथनं न्या."

संध्याकाळपर्यंत मशीन बसलं. ग्रामपंचायतीच्या वायफायला जोडलं. हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, आणि विद्यापीठाकडनं कामाचा पहिला तुकडा आला. भाई इतक्या घाईनं निघाले की त्यांचा स्क्रूड्रायव्हर तिथंच राहिला.

शुक्रवारी गिर्जाबाई बघायला आली. "काय करतंय हे?"

"लाटतंय," कौसाक्का म्हणाली.

"दिसत तर काही नाही."

"तू घरी काय लाटतेस ते मला कुठं दिसतं? पापड आले की कळतं."

शुक्रवारी रात्रीपर्यंत मशीननं सात तुकडे करून परत पाठवले. कौसाक्का किल्ल्या उशाशी घेऊन त्या आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपली.

शनिवारी पहाटे ती उडीद आणायला निघाली. जवळपास कुठं चांगला उडीद उरला नव्हता, म्हणून लांब जायचं होतं, मुक्काम पडणार होता. दारातनं तिनं गेनूला सांगितलं, "रविवारी सकाळी बैठकीला येतेच. तोवर वाटप थांबू देऊ नकोस. बाई दारात येऊन रिकाम्या डब्यानं परत गेली, तर गिर्जा तेच धरून बसेल. पिठाच्या पिंपात आहे ते वाट."

"बरं अक्का." चौथी गाठ.

पिंपात काही नव्हतं. कालच ते गेनूनं वाटून संपवलं होतं. पण 'आहे का' असं अक्कानं विचारलं नव्हतं.

आठ वाजता बाराही बायका डबे घेऊन आल्या. गेनूनं पिंपात पाहिलं. टॉवेलाच्या चौथ्या गाठीकडं पाहिलं. मग त्याची नजर मशीनकडं गेली. बिचारं दोन दिवस एकटंच खपत होतं. आणि अक्का तर म्हणाली होती, मोठं काम एकटीला झेपत नाही, तुकडे करून घरोघर द्यायचं. ह्या एका गोष्टीला त्यानं गाठ मारली नव्हती. ही त्याला समजलेली होती.

त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला.

बोर्ड सरूबाईला दिला. मेमरीच्या दोन पट्ट्या दोघी जावांना, म्हणजे भांडण नको. दोन पंखे, डिस्क, वीज देणारा डबा, वायरींचा जुडगा, दोन बाजूंचे पत्रे, प्रोसेसर. अकरा घरं झाली. बाराव्या घरी सगळे स्क्रू. प्रत्येक वस्तू त्यानं तोलून दिली आणि वहीत लिहिली. उरला सांगाडा. तो केंद्रातच ठेवला, कारण पीठ वाटलं तरी पिंप केंद्रातच राहतं.

प्रोसेसर गिर्जाबाईच्या वाट्याला आला होता. तिनं तो उलटासुलटा केला. खालच्या बाजूला बारीक पिना होत्या, दाट, चकलीच्या काट्यांसारख्या. "ह्याचं काय करायचं?"

"नेहमीचंच. तुकडा घरी न्यायचा, रिकाम्या वेळात करायचा, उद्या परत आणायचा."

"कौसाक्कानं सांगितलंय?"

"अक्कानंच सांगितलंय."

"तेल लावायचं?"

गेनूनं विचार केला. "एरवी लावता ना? मग लावा."

बायका एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. पण गिर्जाबाईला येत नाही असं कुणी म्हणायला नको, म्हणून गिर्जाबाई निघाली. गिर्जाबाईला येतं आणि आपल्याला येत नाही असं होऊ नये, म्हणून बाकीच्या निघाल्या.

रविवारी सकाळी कौसाक्का उडदाची पोती घेऊन उतरली. केंद्रात बारा बायका मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. इतक्या गप्प, की तिला वाटलं कुणीतरी गेलं. ती आतल्या खोलीत गेली. तिथं सांगाडा होता, आणि सांगाड्यातनं पलीकडची भिंत दिसत होती.

ती बाहेर आली. तिनं गेनूला काही विचारलं नाही. त्याच्या हातात तराजू होता, तेवढ्यावरनं तिला सगळं कळलं. तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि गिर्जाबाईपुढं धरल्या.

"घे. बोलले होते, ते खरं करते."

गिर्जाबाईनं हात पुढं केला नाही. तिनं डब्याचं झाकण काढलं. आत प्रोसेसर होता, तेलानं चकचकीत, पोळपाटावर लाटून पिना सगळ्या आडव्या, वरनं दिवसभराचं ऊन दाखवलेलं.

"पहिल्यांदाच होतं," गिर्जाबाई खाली बघत म्हणाली. "पुढच्या वेळी पातळ होईल."

मग एकेक झाकण निघालं. बोर्ड तेलात. पट्ट्या तेलात. पंख्याच्या पात्यांना पापडखाराचा हात. सरूबाईनं तर बोर्डाला हिंगही लावला होता. बारा बायकांत एकही अशी नव्हती, जिनं लाटलं नव्हतं. किल्ल्या मागायला कुणाला तोंड राहिलं नव्हतं.

कौसाक्कानं किल्ल्या परत कमरेला खोचल्या. मग ती भावाकडं वळली.

"गेन्या."

"सगळं तोलून घेतलंय अक्का," गेनू वही उघडत म्हणाला. "बारा घरांत मिळून एवढीशी घट नाही. उलट पावशेर जास्तच भरलं. तेलाचं असंल."