नानासाहेबांचा पासवर्ड

हिंगणघाटच्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीत आता पतसंस्थेचं कार्यालय आहे. तिथे संगणकांची सुरक्षा सांभाळणाऱ्या रेवती भोयरने, पासवर्ड कसा जपावा हे सगळ्यांना शिकवायचं ठरवलं. अध्यक्ष नानासाहेब डंभारे भरसभेत हसले.

"आम्हाला काय शिकवतेस, पोरी? माझा पासवर्ड ओळखून दाखव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

रेवती शांतपणे म्हणाली, "सोपं आहे. तुम्ही काकूंचं नाव ठेवलंय."

"साफ चूक!" नानासाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "बायकोचं कशाला? आमच्या म्हशीचं ठेवलंय, चंद्रीचं!"

सभेत हशा पिकला. नानासाहेबांनी जीभ चावली.

रेवती म्हणाली, "साहेब, हुशार चोर कुलूप फोडतच नाही. तो मालकाच्याच तोंडून किल्ली काढून घेतो."

दुसऱ्या दिवशी शिकवणीला नानासाहेब सगळ्यांच्या आधी येऊन बसले.