न हलण्याची घोंगडी

"तुझी तानी उद्यापासून शाळेत नको," पंतोजींनी सगुणा सणगरणीला सांगितलं. "पोर आहे की पाऱ्याचा थेंब? पाढा एका खांबापाशी सुरू करते आणि तिसऱ्या खांबापाशी संपवते."

"पण संपवते ना, पंतोजी?"

"संपवते. पण बसून नाही."

आणि अचलसेन राजाच्या राज्यात बसून नाही म्हणजे काहीच नाही. राजाला हालचालीचं भारी वावडं. त्याने झाडांचे झोके उतरवले होते, गाईंच्या शेपट्या बांधायला लावल्या होत्या, आणि फडफडतो म्हणून वाड्यावरचा झेंडासुद्धा लाकडाचा करून घेतला होता.

सगुणा घोंगड्या विणून पोट भरायची. तिच्या घरात अक्षर ओळखणारी तानीच पहिली. ती लेकीला घेऊन तडक दरबारात गेली.

तिचं गाऱ्हाणं सांगून होईतो तानी दरबारातले सगळे खांब शिवून आली होती. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, तू विणणारी ना? मग असं आसन विणून आण की त्यावर बसणारा घटकाभर हलणार नाही. त्यावर बसव हिला. आणि सगळे ऐका, त्या आसनावर जो हलेल त्याची जागा गेली. पुन्हा तिथे बसायचं नाही."

"जो हलेल त्याची, महाराज?"

"जो हलेल त्याची. राजाचा शब्द एकदाच निघतो."

घरी येऊन सगुणेने कापसाची गादी करून पाहिली, मग पिसांची. तानी दोन्हींवरून निसटली.

"मी बसते गं आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण बसलं की आतून काहीतरी टोचतं."

सगुणा तिच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने घरातली सगळ्यांत जाडीभरडी लोकर काढली आणि मागावर बसली. विणून झाल्यावर तिने घोंगडीला चिंचोक्यांची खळ अशी चोपडली की वाळल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दरबार भरला. पंतोजी आले. सगुणेने घोंगडी अंथरली आणि हात जोडले. "महाराज, आमच्या घरची एक रीत आहे. नव्या घोंगडीवर आधी थोरल्या माणसाने बसायचं. या राज्यात तुमच्याहून थोरलं कोण?"

राजा खुलला. झुळझुळीत धोतर सावरत ऐटीत बसला.

"आता पंतोजी, धडा चालू द्या. महाराज शांतपणे ऐकतील."

"खंडीचे वीस मण," पंतोजींनी सुरुवात केली. "मणाच्या बारा पायल्या..."

राजाची एक भुवई उडाली. मग डावी मांडी सरकली. मग उजवी. त्या दरबारात राजा करील ते सगळ्यांनी करायचं, अशी शिस्त होती. त्यामुळे राजाने कंबर खाजवताच प्रधानाने कंबर खाजवली, सेनापतीने चिलखतावरूनच खाजवली, आणि चवरी ढाळणाऱ्याने चवरीच्या दांड्याने काम भागवलं. पंतोजी शिकवत राहिले. राजा अर्धवट उठला, पुन्हा बसला, वेटोळं घालून तिरका झाला. सगळा दरबार तिरका झाला.

"महाराज," सगुणेने हळूच विचारलं, "मणाच्या पायल्या किती?"

"मण? कसला मण? कोण बोलत होतं?"

"बारा," खांबाला लोंबकळलेली तानी म्हणाली. "आणि खंडीच्या दोनशे चाळीस."

"अगं, ही काय बसायची वस्तू आहे?" राजा ताडकन उठला. "हिच्यावर बसून कुणाच्या डोक्यात काही शिरेल का?"

"नाही शिरणार, महाराज. तुम्हाला ही एक घोंगडी टोचली. माझ्या लेकीला प्रत्येक बैठक अशीच टोचते, गादी असो की फरशी. तुम्ही निदान उठलात. तिला उठायची मुभा नाही."

प्रधान खाकरला. "महाराज, तो हुकूम... जो हलेल त्याची जागा गेली..."

सगळ्यांच्या नजरा सिंहासनाकडे वळल्या.

"घाई नाही, महाराज," सगुणा म्हणाली. "सावकाश ठरवा. सिंहासन सोडायचं की हुकूम?"

राजाने आधी पाठ खाजवली. मग तो हसला, आणि असा हसला की मुकुट कानावर आला. सगळ्या दरबाराने पगड्या कानावर घेतल्या.

"हुकूम सोडला! पोरगी शाळेत राहील. उभी शिको, चालत शिको, लोंबकळून शिको." त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं. "आणि मलाही इतकी वर्षं बसून बसून काही ऐकू येत नव्हतं, हे आज कळलं."

दुसऱ्या दिवशी अचलसेनाचा दरबार तळ्याभोवती चालत भरला. पुढे तानी, तिच्यामागे महाराज, आणि सगळ्यांत मागे धापा टाकत पंतोजी. "अहो, जरा बसू द्या!" ते ओरडत होते.