बॉनेटवरचा हार

एकदा एका दसऱ्याला, भर मुहूर्तावर, एका वृद्ध मिस्त्रीने नव्या कोऱ्या मोटारीवरचा हार उतरवला. घातलेला हार उतरवणे अशुभ, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही त्याने तो उतरवला, आणि तोही गाडीच्या मालकादेखत.

हा मिस्त्री उमेदीची तीस वर्षे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये राबलेला. शेड बंद पडल्यावर हमरस्त्यावरच्या एका शोरूमने त्याला ठेवून घेतले. ग्राहकाच्या हाती देण्याआधी नवी गाडी तपासायची, हे त्याचे काम. हाताखाली एक शिष्या होती. नोकरीच्या कागदावर ती ट्रेनी इंजिनियर; पण तो शिकवत होता आणि ती मन लावून शिकत होती, म्हणून मी शिष्या म्हणतो. दिवाळीत तिला कायम करायचे की नाही ते ठरणार होते.

त्या सकाळी अकरा गाड्या जायच्या होत्या. शेवटची एका निवृत्त एसटी चालकाची. चौतीस वर्षे त्याने लोकांना गावोगाव पोहोचवले आणि आता कुठे स्वतःची पहिली गाडी घेतली. ती पुसताना शिष्येला दिसले, की पुढच्या जाळीवरची चकचकीत पट्टी डाव्या टोकाला नखभर उचललेली आहे. गाडी पळायला त्याने काहीही फरक पडणार नव्हता. नवी पट्टी मागवायची तर चार दिवस लागणार, आणि मुहूर्त अर्ध्या तासावर. "दसऱ्याची एकही गाडी अडता कामा नये," असे मॅनेजरने बजावलेले. तिने झेंडूचा हार बॉनेटवर बांधला आणि त्याचा मोठा गोंडा नेमका त्या टोकावर येईल असा ओढून घेतला. वर कुंकू वाहिले. झाकायचे म्हटले की देवाइतके सोयीचे पांघरूण आपल्याला दुसरे सापडत नाही!

चालक सपत्नीक आला. पत्नीच्या हातात औक्षणाचे ताट होते. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, गोंड्यापाशी थांबला आणि हाराची गाठ सोडली.

"मिस्त्रीकाका, अहो मुहूर्त..." शिष्या कशीबशी म्हणाली.

हार तिच्याच हातात देत तो चालकाला म्हणाला, "डायव्हरसाहेब, इथनं जरा हात फिरवा."

चालकाचा रुंद पंजा पट्टीवरून सरकत गेला आणि डाव्या टोकाला थांबला. "उचललीय," तो म्हणाला.

"व्हय. चार दिवसांत नवी येईल. आज न्यायची तर न्या, मी घरी येऊन बसवतो. नको वाटत असंल तर राहू द्या हितंच."

चालकाने बायकोकडे पाहिले. तिने ताटातले निरांजन पदराआड धरले होते. ती म्हणाली, "चौतीस दसरे तुम्ही ड्युटीवर काढले. आता चार दिवसांनी काय बिघडतंय? न्यायची ती धड न्यू." आणि दोघे चालत स्टँडवर गेले, एसटीने घरी परतले.

मॅनेजर मिस्त्रीवर यथेच्छ ओरडला. दुपारी शिष्या हार मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. "एवढीशी तर फट होती," ती म्हणाली. "माझी नोकरी जाईल, काका."

वृद्ध तिच्याशेजारी बसला. "पोरी, आमच्या शेडमध्ये बस तयार झाली की मालक यायचा. चपला काढायचा आणि सगळ्या बसवरनं हात फिरवायचा. पत्रा, पट्टी, खिडकीची कड. आम्ही वीस माणसं श्वास धरून उभी. हात कुठं अडला, की हार तसाच पाटीत राहायचा. आमची कामं लई चांगली हुती अशातला भाग नाही. पावसाळ्यात आमच्या खिडक्या गळायच्या. पण गळत्यात हे आम्हीच आधी सांगायचो. आज ना उद्या त्या बाईनं निर्माल्य काढलं असतं, अन् तिला फट दिसली असती. पट्टी बदलता येते गं. पण आपण कुंकवाखाली लपवलं हे कळल्यावर तिनं पुन्हा कुठला हार कसा घालायचा?" मग तो म्हणाला, "त्या शेडमधलं आता काही राहिलं नाही. तेवढा तो हात फिरवायचा रिवाज मी घेऊन आलोय."

शिष्या उठली. मॅनेजरकडे जाऊन तिने सांगितले, की फट मीच झाकली होती. खरे बोलले की फळ मिळते, असे अशा कथांत असते. तिला मिळाले ते असे, की तिचे कायम होणे सहा महिने पुढे गेले.

चौथ्या दिवशी पट्टी आली. मिस्त्रीने ती तिलाच बसवू दिली. पाचव्या दिवशी ते जोडपे पुन्हा आले, ताट घेऊन. ना दसरा, ना गर्दी. शिष्या ताज्या झेंडूचा हार दोन्ही हातांवर धरून उभी होती. चालकाची पत्नी म्हणाली, "घाल की गं, खोळंबलीस कशाला?"

"आधी डायव्हरकाकांना हात फिरवू द्या," शिष्या म्हणाली. "हार मग घालते."

मिस्त्री लांब उभा होता; जवळ आला नाही. चालकाने चपला काढल्या. त्याचा पंजा पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि कुठेही अडला नाही.