धुरपाआत्याचा खांदा

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका, मोजणारे कधीच गेले. तेव्हा हिवरखिंडीच्या घाटात सडक नव्हती आणि कोकणातलं मीठ वर यायचं ते बैलांच्या पाठीवरून. घाट असा उभा की चढताना गुडघा छातीला लागावा आणि उतरताना घोटे रडावेत. माणसं घसरायची, बैल घसरायचे. कुणाचा खांदा उतरायचा, कुणाचा खुबा. आणि देवाची करणी बघा, जिथं हातपाय निखळायचे तिथंच ते बसवणारीही राहायची. खिंडीच्या तोंडाशी, गावातून हाक मारली तर पोचणार नाही इतक्या लांब, एकच घर होतं. त्या घरात धुरपाआत्या एकटी राहायची.

धुरपा ही येसबा हाडवैद्याची लेक. लग्न होऊन गेली, नवरा पटकीत वारला, परत माहेरी आली, आणि गावची लेक म्हणून सगळ्या गावाची आत्या झाली. येसबाला मुलगा नव्हता. मग त्यानं विद्या लेकीलाच दिली. कशी दिली? तर एक मडकं फोडायचा, खापऱ्या पोत्यात भरायचा, पोत्याचं तोंड बांधायचा आणि म्हणायचा, "वरून चाचपून जोड." धुरपा डोळे मिटून बसायची. बोटांना कड लागली की कडेला कड भिडवायची. पोतं सोडलं की आत मडकं उभं असायचं. त्यात पाणी ओतलं तरी गळायचं नाही, असं म्हणतात. आता गळत असेलही थोडं, पण सांगणारे काय कमी असतात?

बाकीची विद्या घरातच होती. येसबा म्हणायचा, "माणसाचं शरीर म्हणजे काय, तर आपलं घरच. हे उखळ आणि हे मुसळ. मुसळ उखळात कुठंही फिरतं, तसा खांदा आणि तसा खुबा. म्हणून हात वर जातो, मागं जातो, गोल फिरतो. पण जे एवढं मोकळं फिरतं ते निसटतंही लवकर, हे ध्यानात ठेव. गुडघा आणि कोपर म्हणजे बिजागरीचं दार. एकाच बाजूला उघडायचं. उलटं ढकललंस तर चौकट जाईल." मान म्हणजे जातं. मधे खुंटा उभा आणि त्याभोवती वरचा दगड फिरतो, म्हणून आपण नाही म्हणताना डोकं हलवू शकतो. मनगटात ओढ्यातल्यासारखे लहान लहान गोटे, एकमेकांवर सरकणारे. अंगठा म्हणजे खोगिरावर बसलेला स्वार, पुढंमागं झुकतो, डावाउजवा होतो, पण खोगीर सोडत नाही. आणि कवटी? तिच्या हाडांना देवानं शिवणच घातलीय. ती हलायची नाही आणि हलवायचीही नाही.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट," येसबा म्हणायचा, "हलत्या सांध्यात देवानं वंगण घातलंय, गाडीच्या आसाला घालतात तसं. सांधा हलत राहिला तर वंगण राहतं. नुसता पडून राहिला की आटतं, आणि मग तो सांधा सांधा राहत नाही, लाकूड होतो."

आता या येसबाच्या हयातीत एक गोष्ट घडली आणि तिनंच पुढचं सगळं केलं. मिठाच्या तांड्याचा नाईक होता लक्कू. त्याची मान अवघडली. येसबानं ती मोकळी केली आणि बजावलं, "घरी पोचेपर्यंत मागं वळून बघू नको." लक्कू निघाला. पहिल्याच वळणावर त्याच्या बैलानं हंबरडा फोडला आणि लक्कूनं वळून बघितलं. मान तिथंच अडकली ती जन्माची. मरेपर्यंत लक्कू एका अंगाला बघत चालला.

झालं. लोकांनी काय धरलं, तर येसबाच्या घरातून निघालं की मागं बघायचं नाही. अहो, मान लक्कूची होती! पण घोटा बसवलेला माणूसही मागं बघेना, करंगळी बसवलेला बघेना. येसबाला गंमत वाटली, त्यानं कुणाला अडवलं नाही. तो मेला आणि नियम मागं राहिला. नियमाला मग फांद्या फुटल्या. धडधाकट माणसानं त्या घराच्या पायरीला पाय लावायचा नाही, लावला तर मोडून परत येतो. तिथं पाणी प्यायचं नाही. आत्याला द्यायचा शेरभर नाचणा खालच्या खडकावर ठेवून यायचं. लग्नात तिला बोलवायचं नाही, कारण तिची नजर सांध्यावर असते.

धुरपानं सांगून बघितलं. "अरे, तुझं कोपर उतरलं होतं, मानेला काय धाड भरलीय? बघ मागं, खुशाल बघ." तो माणूस हात जोडायचा आणि समोर बघत उतरून जायचा. पुढं पुढं तिनं सांगायचं सोडून दिलं.

तिला गावातला एकूण एक माणूस ठाऊक होता. कुणाचा उजवा गुडघा वाजतो, कुणाचा खांदा फिरताना अडतो, सगळं तिच्या बोटांना पाठ. पण तोंडं मात्र तिनं पाहिली ती दुखण्यानं वाकडी झालेलीच. बरं वाटलं की दिसायची ती पाठ. गावातलं कोण हसताना कसं दिसतं, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती पायरीवर बसायची आणि वारा पडला की खालून येणारा गावातला पुसट गलका ऐकायची. असं म्हणतात की नुसत्या पावलांच्या आवाजावरून कुठल्या बैलाचा खुबा दुखतोय ते ती सांगायची. असंही म्हणतात की कड्यावरून पडलेल्या घारीचा पंख तिनं बसवला आणि ती घार पुढं कित्येक वर्षं त्याच घरावर घिरट्या घालत होती. लोक म्हणायचे, बघा, पाखरूसुद्धा मागं बघत नाही. घिरट्या घालणारं पाखरू मागं बघत नाही तर काय करतं, हे कुणी विचारलं नाही.

मग एका पौषात आत्या झऱ्यावर पाण्याला गेली. शेवाळावर पाय सरकला, घागर एकीकडं गेली आणि आत्या उजव्या हातावर पडली. उठली तेव्हा हात लोंबत होता. तिला बघायचीही गरज नव्हती. मुसळ उखळाबाहेर आलं होतं.

कशीबशी घरी आली. हजारांचे खांदे बसवले, तर आपला का नाही बसणार? तिनं हात खिडकीच्या गजाला बांधून बघितला, खांबाला टेकवून बघितला. पण स्वतःचा खांदा स्वतःला बसवता येत नाही. दुखायला लागलं की अंग आपोआप ताठरतं आणि ताठरलेल्या अंगात हाड शिरत नाही. ढिलं पडायला दुसऱ्याच्या हातात हात द्यावा लागतो. गावात उतरून जावं, तर वाटेतल्या खडकांना दोन्ही हातांनी धरल्याशिवाय उतरता यायचं नाही. हाका मारल्या, तर खिंडीतला वारा हाक उचलून कोकणात नेऊन टाकी. आणि असेच दिवस उलटले तर काय होणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? हाड तिथंच घर करणार, हात कायमचा जाणार. हात गेला की आत्याकडं कशाला कोण येईल? दुखलेलेही येणार नाहीत.

ती पायरीवर बसून राहिली. कुणाचं तरी काही मोडेल आणि कुणीतरी येईल, एवढीच आशा. एकदा तर तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, कुणाचं एखादं बोट तरी लचकू दे." आणि लगेच तिनं डाव्या हातानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली, आणि मग रडली.

पण देवाला तरी काय म्हणावं! त्या दिवसांत गावात कुणाची करंगळीसुद्धा लचकली नाही. तांडाही आला नाही. सगळं गाव कसं ठणठणीत.

खाली गावात पारावर लोकांच्या ध्यानात आलं, आत्याच्या घरावर धूर दिसत नाही. एक म्हणाला, लाकडं ओली असतील. दुसरा म्हणाला, कुणी दुखलंखुपलं की जाईलच वर, तेव्हा कळेल. प्रत्येकानं हळूच आपापलं अंग चाचपलं, सगळे धडधाकट. जायचं कुणी?

तिथं हौसा कुंभारीण होती. तोंडाची फटकळ, पण मनानं भली. ती म्हणाली, "मी जाते."

सासू म्हणाली, "धड आहेस ती मोडून येशील. गप बस."

हौसा थोड्या वेळानं उठली, दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसून म्हणाली, "आई गं, पाय मुरगळला." आणि लंगडत लंगडत खिंडीच्या वाटेला लागली. पारावरच्या एकालाही ते खरं वाटलं नाही, पण तसं म्हणालंही कुणी नाही.

आत्यानं पावलं ऐकली. हौसा पायरीपाशी आली तशी आत्या म्हणाली, "खालच्या वळणापर्यंत डावा लंगडत होता, वर आल्यावर उजवा लंगडायला लागला. आता कुठला दाखवतेस?"

हौसाला हसू आवरेना. ती खो खो हसली, आणि आत्या तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग हौसाची नजर लोंबत्या हातावर गेली आणि हसू तिथंच थांबलं.

"आत्या, हे कधी झालं?"

"झालं कधीतरी. आता तूच बसव."

"मी? मला मडकी कळतात, हाडं नाही."

"मी मडक्यांवरच शिकले," आत्या म्हणाली. "ये. ओढू नको, ओढलंस तर कड फुटंल. कोपर माझ्या कुशीला टेकव. हात पुढं वाकव, भाकरी थापताना असतो तसा. आता दार उघडतेस तसा हळूहळू बाहेरच्या अंगाला फिरव. मी कण्हले की थांब. अंग सैल पडलं की पुन्हा फिरव. चाकावर घाई करतेस का कधी?"

हौसानं एक हात कोपराला लावला आणि दुसऱ्या हातानं आत्याचा पंजा धरला. हाताला धरायची दुसरी जागाच नव्हती. तशी आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. येसबा गेल्यापासून तिचा हात कुणी हातात घेतला नव्हता. लोकांनी तिच्या हातात हात दिले होते, पण तिचा कुणी घेतला नव्हता.

"दुखतंय का आत्या?"

"नाही गं."

"मग सोडू?"

"सोडू नको."

हौसा थांबत थांबत हात फिरवत राहिली. आत्याचा श्वास लांबला, खांदा सैल झाला, आणि खट्ट करून हाड आपल्या घरात गेलं. असं म्हणतात की तो आवाज सगळ्या खोऱ्यात गेला. गावातली लावलेली दारं उघडली, आणि घराघरांतली जाती कुणी हात न लावता अर्धा फेरा फिरली. खरं खोटं देव जाणे, पण आवाज ऐकला नाही असं म्हणणारं माणूस पुढं गावात सापडलं नाही.

हौसानं पदराची पट्टी फाडून हात गळ्यात बांधला. चूल पेटवली, भाकरी केली, दोघी जेवल्या. हौसा तिथलं पाणीही प्यायली. निघाली तेव्हा पहिल्या वळणावर थांबली आणि सगळ्या अंगानं मागं वळून उभी राहिली. दारात आत्या उभी होती. असं उभं राहिलेलं तिला त्याआधी कुणीच बघितलं नव्हतं, कारण कुणी वळलंच नव्हतं. हौसा खालून ओरडली, "उद्या येते गं." तिची मान शाबूत राहिली.

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. बांधलेला खांदा सुटल्यावर तो रोज फिरवावा लागतो, नाहीतर वंगण आटतं. मग हौसाबरोबर तिची सासू आली, सासूबरोबर शेजारीण आली. एकेक जण बिचकत पायरीला पाय लावी आणि आपलं अंग चाचपून बघी. काही मोडत नाही म्हटल्यावर बसायला पाटसुद्धा मागायला लागले. पण आत्याचं आयुष्य आता उरलं होतं तरी किती? ज्या वयात माणसांत बसायचं ते सगळं वय लोकांच्या पाठी बघण्यात गेलं होतं. ते काही कुणाला परत देता आलं नाही. माणसं उठून गेली की आत्या अजून उगाच दारात उभी राहायची, म्हणतात, वळतात का ते बघायला.

ती गेली तेव्हा खांदा द्यायला सगळं गाव लोटलं. तिरडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहिली, जमिनीला टेकलीच नाही, आणि त्यातले निम्म्याहून अधिक खांदे तिनंच बसवलेले होते.

आता घाटात सडक आहे आणि हाड मोडलं तर लोक तालुक्याच्या दवाखान्यात जातात. जायलाच पाहिजे. पण हिवरखिंडीत पौष लागला की आत्याची बीज पाळतात. त्या दिवशी देवाला नैवेद्य नाही, वाजंत्री नाही. घरटी एक माणूस वाटीभर कोमट तेल घेऊन, गावात जे कुणी एकटं राहतं त्याच्या दारी जातो. त्याचा हात हातात घेतो आणि बोटं, मनगट, कोपर, खांदा, सगळं हळूहळू फिरवतो. तेल संपलं की विचारायचं, "अजून दुखतंय का?" म्हातारी माणसं म्हणतात, "हो, थोडं दुखतंय." आणि आलेला माणूस ते खरं धरतो आणि हात सोडत नाही.