आंब्याखाली महाराज गुदमरले

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत सावळनाथ महाराज कोळवाडीला मुक्कामाला होते. गावाबाहेरच्या उघड्या माळावर, आंब्याखाली घोंगडी टाकून ते बसत आणि अवघा गाव त्यांच्याभोवती जमे. तान्हूबाई तेवढी कधी वेळेवर येत नसे. गावात कोणी अंथरूण धरलं की ही त्याच्या उशाशी. कूस बदलून द्यावी, घोटघोट पेज पाजावी, लघवी नीट होते का विचारावं आणि मग उरल्या वेळात दर्शनाला यावं.

एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "म्हाराज, माझ्याकडनं नामस्मरण व्हतच न्हाई."

महाराज म्हणाले, "रोग्याकडे नीट बघतेस ना? बघत जा. आम्हाला पोचतं."

पाटलांची बहीण अंबूआत्या, हिला हे मुळीच रुचलं नाही. घरात आत्याबाईंपुढे खुद्द पाटलांचंही काही चालत नसे. पाटलांची लेक मंजुळा पहिलटकरीण, नुकतीच बाळंत झालेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आत्याबाईंनी खोलीची खिडकी लिंपून टाकली, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि आत कोळशाची शेगडी ठेवली. मंजुळाचं डोकं ठणकू लागलं. आत्याबाई म्हणाल्या, वारा लागला, निखारे वाढवा.

तान्हूबाई बघायला आली. तिने कपाळाला हात लावला, नाडी पाहिली आणि हळूच विचारलं, "सकाळी न्हाणीत बी डोकं दुखत व्हतं का गं?"

"न्हाई. तितं बरं वाटलं. हितं आले की पुन्हा सुरू."

"आत्याबाई," तान्हूबाई म्हणाली, "ताप असता तर न्हाणीत बी संगं गेला असता. हे दुखणं पोरीच्या अंगात न्हाई, खोलीत हाय. शेगडी भाईर काढा, दार उघडा."

"आली मोठी शहाणी! देवाचं नाव घ्याया हिला सवड न्हाई, आन् माझ्या घरची दारं उघडाया बरी सवड हाय."

आत्याबाईंनी तिला बाहेर काढलं, शेगडीत आणखी कोळसे घातले, दार घट्ट लावलं आणि स्वतः दर्शनाला निघाल्या. तान्हूबाईही महाराजांना साकडं घालायला मागोमाग गेली.

भजन रंगात आलं होतं. एकाएकी महाराजांनी छातीला हात लावला. चेहरा लालबुंद झाला.

"दार उघडा," महाराज म्हणाले, "आम्हाला गुदमरतंय."

"म्हाराज, हितं कुठलं दार?" आत्याबाई हसून म्हणाल्या. "चारी अंगांनी वारा हाय."

महाराजांनी फक्त तान्हूबाईकडे पाहिलं. ती धावत सुटली, आणि तिच्या मागे गाव.

खोलीत मंजुळा निपचित पडली होती, कुशीतलं बाळ हाकेला हलत नव्हतं. तान्हूबाईने आधी बाळ उचलून अंगणात आणलं. मग दोन बायकांच्या मदतीने मंजुळाला गोधडीसकट ओढत बाहेर काढलं, अंगावर पांघरूण टाकलं, मान एका कुशीला वळवली. बाळाचे तळवे ती चोळत राहिली. पाटील देवाचा धावा करत होते.

तिकडे आंब्याखाली महाराजांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि इकडे बाळाने टाहो फोडला! भाविकहो, जवळ बसलेल्या म्हाताऱ्यांना तो टाहो माळावर ऐकू आला. मंजुळाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. अंगणात आनंदाला उधाण आलं.

महाराज सावकाश चालत आले. आत्याबाईंनी त्यांचे पाय धरले. "म्हाराज, माझ्या हातनं दोन जीव गेलं असतं."

महाराज म्हणाले, "आम्ही नुसते गुदमरलो. दुखणं कुठं आहे ते हिने आधीच सांगितलं होतं."

आत्याबाई उठल्या आणि भरल्या डोळ्यांनी तान्हूबाईपुढे वाकल्या. तान्हूबाईचं लक्ष मंजुळाच्या श्वासाकडे होतं.

"आत्याबाई, तितं नगा वाकू," ती म्हणाली, "वारा अडतोय."

सगळं अंगण हसलं, महाराज तर पोट धरून हसले. आत्याबाई लगबगीने बाजूला सरकल्या आणि पलीकडच्या अंगाला जाऊन त्यांनी जमिनीवर माथा टेकला.